ने

एदिर्नेच्या शुक्रवारच्या बाजारात
नेरिमान बिहीची फळं विकते. पिवळीधमक, अंगावर लव,
कच्ची खाल्ली तर घसा धरतो.
दोन सरहद्दी जवळच.
तिन्हीकडचे लोक पिशव्या घेऊन येतात
आणि सगळ्यांच्या तोंडी तेच एक अक्षर.

ग्रीक बाई म्हणते, ने. म्हणजे हो, दे दोन किलो.
बल्गेरियन म्हातारा म्हणतो, ने. म्हणजे राहू दे, महाग आहे,
आणि मान मात्र होकारासारखी हलवतो.
नेरिमानच्या तुर्कीत ने म्हणजे काय.
हा प्रश्न नाही. ने म्हणजेच 'काय'.

मी वहीत मुळं उतरवत होतो.
बल्गेरियन ने आपल्या 'न'चा सख्खा,
नाही, नको, नसे यांच्याच घरातला.
ग्रीकांचा फार जुना, शपथ घेताना देवाच्या नावाआधी यायचा.
तुर्कांचा मात्र या दोघांचा कोणी नाही;
त्या भाषेत न-पासून निघणारे अस्सल शब्द
बोटांवर मोजावेत, त्यातला हा.

तिने वहीकडे पाहिलं. तराजू पुसला.
एकोणनव्वदचा उन्हाळा, म्हणाली,
हास्कोवोचं स्टेशन. मी गाडीच्या खिडकीत,
आई फलाटावर.
आमची नावं कागदावर बदललेली, तुर्की बोललं की दंड.
शिट्टी झाली तशी मी ओरडले, तुर्कीतच,
चल ना गं, अजून जागा आहे.
ती म्हणाली, ने.

डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं.
मग ती विचारत होती का, काय?
की शेजारी शिपाई उभा, म्हणून त्याच्या भाषेत
सांगत होती, नाही?
मानेवरून कळलं असतं.
मध्ये कोणाचं तरी गाठोडं आलं.
तीन वर्षांनी मावशीचं पत्र. त्यात फक्त तारीख होती.

तुमच्याकडे ने म्हणजे काय?
मी म्हटलं, नुसता प्रत्यय.
नावाला चिकटतो, केलं कोणी ते सांगतो.
आईने. शिपायाने. गाडीने.
ती हसली. पोलिसातला शब्द दिसतो, म्हणाली.

दुसरा अर्थ मी सांगितला नाही.
सुटा उभा राहिला की तो काय मागतो,
सुटत्या गाडीकडे बघून,
हे वहीतही लिहिलं नाही.

दीड किलो भरलं. तिने वर एक फळ टाकलं.
मी नको म्हणून मान हलवली.
तिने ती कुठल्या भाषेत वाचली कोण जाणे,
आणखी एक टाकलं.