आधी झेंडा, मग वजन

नऊ दिवसांतून एकदा
एका माशाला दुसऱ्या माशाचं वजन लागायचं.
एवढंच.
डाल्विकच्या कारखान्यात पट्ट्यावरून
दिवसाला चाळीस हजार कॉड सरकतात,
त्यांतला एक.

पकडलं ते बोझेनानं.
मोठ्यांच्या खोक्यात हे पिल्लू कुठून आलं, म्हणाली,
आणि ओला हातमोजा दातांनी ओढून
भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहिली.

कोड माझा. अकरा वेळा वाचला.
वजन लिही, मग झेंडा वर कर.
पलीकडचा थ्रेड झेंडा बघेल, मग वजन उचलेल.
इतकं सरळ
की चुकीला लपायला जागाच नाही.
थोर्गिल्स म्हणाला, एका माशापायी
कशाला जीव काढतेस, ऊन्नुर?
त्याचंही चुकत नव्हतं.

मग मी माणसं शोधायला निघाले,
खुर्चीतून न उठता.
डिसेंबरात इथे सूर्य डोंगरापलीकडूनच परत जातो,
उठून जायचं तरी कुठे.

एका ठिकाणी म्हणाले, बंद करून चालू कर.
दुसरीकडे म्हणाले, ही भाषाच टाक, आम्ही टाकली.
तिसरीकडे दोघं जण
माझ्या प्रश्नावर बैठक मारून
त्यांचं जुनं भांडण भांडले, पहाटेपर्यंत.
एक फार गोड बोलला, लांबलचक, मुद्देसूद,
ताकास तूर लागू न देता.
ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
खोटं आहे. जळत माझंच होतं
आणि मला काही कळत नव्हतं.

सतराव्या रात्री एक छोटी खोली सापडली.
तीसेक नावं, त्यांतली पंचवीस झोपलेली.
मी सगळं पुन्हा लिहिलं, आता पाठच झालं होतं.
बराच वेळ काही नाही.
मग एक ओळ:

मधे प्रोसेसर बदललात का?

मी उठून उभी राहिले.
बदलला होता. ऑगस्टमध्ये.
स्वस्त, थंड राहणारा, नखाएवढा.
मी कुणाला सांगितलं नव्हतं
कारण कुणी विचारलं नव्हतं.

एवारिस्तो. उरुग्वेत, पायसान्दूच्या बाहेर,
वीज उपकेंद्राच्या रिलेंना शहाणपण शिकवतो.
म्हणाला, जुन्या चिपला वळण होतं:
आधी लिहिलेलं आधीच दिसायचं.
नवी तसा शब्द देत नाही.
वजन आधी लिहिलंस, ते तुझ्यापुरतं.
पलीकडे झेंडा आधी पोचतो कधीकधी,
आणि वजन अजून वाटेत असतं.
मधे कुंपण घाल.

कुंपण म्हणजे एक ओळ.
ती कुठे घालायची यावर आम्ही चार महिने भांडलो.
मी म्हणे एका बाजूला, तो म्हणे दोन्हीकडे.
तोच बरोबर होता, हे मला कळलं मार्चमध्ये,
मासे सुधारून तीन महिने झाल्यावर.

त्याचं वय मला ठाऊक नाही.
घरी कोण कोण असतं, ठाऊक नाही.
व्हेरिएबलचं नाव नुसतं 'टेम्प' ठेवलं
की तो दिवसभर अबोला धरतो, हे ठाऊक आहे.
एकदा ऐन वाक्यात गप्प झाला. पाऊण तासानं लिहिलं,
मेंढीनं वायर ओढली.
खरं की थट्टा, मी विचारलं नाही,
उरलेलं वाक्य मागितलं.

बोझेनानं कॅलेंडर नवं लावलंय.
त्यावर अजून एकही वेळ नाही,
तरी पेन दोरीला बांधलेलं आहे.

परवा त्या खोलीत एक पोरगं आलं, एरमेक,
बिश्केकहून, बहुतेक पहाटे.
माझा प्रोग्राम कधीकधी मरतो, एवढंच लिहिलेलं.
पंचवीस जण झोपलेले.
मी लिहिलं, बंद करून चालू कर.
पाठवायच्या आधी
एकेक अक्षर मागे घेतलं.

कधीकधी म्हणजे कधी, विचारलं.
जवळ पेन आहे का?