किमान पंचवीस प्रती

दहा तोंडांचा टॉवर आहे आमच्याकडे.
वरच्या खणात मूळ सीडी, खालच्या दहांत कोऱ्या.
चार मिनिटं घरघरतो, मग एकदम
दहाही जिभा बाहेर काढतो,
डॉक्टरपुढे बसवलेल्या पोरांसारख्या.

नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात.
टॉवरला लागत नाही.
अक्कल लागते ती पुढे:
कुठल्या सीडीवर कुठला छाप,
ती कुठल्या पाकिटात,
पाकिटावर पत्ता कुणाचा.
ते माझं काम. मँकेटोत, रेल्वे यार्डामागच्या
पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे जानेवारीत
प्लास्टिक चढवायचं मशीन हीच काय ती शेगडी,
आणि हिबाक तिथून हलायला तयार नसते.

पंचवीसच्या खाली ऑर्डर घ्यायची नाही.
व्हर्लिनने तसा कागदच लावलाय भिंतीवर,
खाली दोन रेघा ओढून.

त्या मंगळवारी दोन कामं होती.
बेथानी लुथरन चर्च: रविवारचं प्रवचन,
घराबाहेर पडवत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी.
आणि ट्रॅक्टर कंपनी: हायड्रॉलिक पंपाची दुरुस्ती, भाग पहिला,
मेकॅनिकांनी हात तेलात असताना ऐकायची.
चाळीस आणि चाळीस.
दोन्ही छाप निळे.
आणि माझ्या दाढेत कळ.
(सबब सांगत नाहीये. कळ होती, एवढंच.)

शुक्रवारी सकाळी फोन सुरू झाले.
पहिला वासेकाचा डीलर:
"इथे पंप उघडून बसलोय
आणि तुमचा माणूस मला
उधळ्या मुलाची गोष्ट सांगतोय!"
दुपारपर्यंत अकरा.
अकराव्याने जाता जाता विचारलं,
पोचला का हो तो पोरगा घरी?
त्याला शेवटापर्यंत ऐकायला वेळ झाला नव्हता.

चर्चकडून एकही नाही.
चाळीस स्वयंपाकघरांत, खुर्च्या खिडकीकडे वळवून,
चाळीस जणांनी
सील, वॉशर, पिस्टन
मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

आम्ही सगळं पुन्हा काढलं, पुन्हा पाठवलं,
माफीची चिठ्ठी घालून.

दहा दिवसांनी पत्र आलं. पेन्सिलीने,
बियाण्यांच्या ऑर्डर-फॉर्मच्या पाठीवर.
आर्डिस टॉलेफ्स्रुड. तिचं लेबल मी
दोन वर्षं दर आठवड्याला चिकटवत होते.
नाव लांब, कडेला दुमडावं लागतं.

"माफी कशाला. पाद्रीबुवांचं बोलणं
मला निम्मं ऐकूच येत नाही.
तुमच्या माणसाचं स्वच्छ येतं.
एक पायरी झाली की तो थांबतो,
मग मीही थांबते.
आधी दाब सोडा, मगच नट सैल करा,
असं तो तीनदा म्हणाला.
आमच्या ऑर्लिनला हे कुणी तीनदा सांगितलं नव्हतं.
चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. मका अर्धा उभाच होता.
वर भाग पहिला असं छापलंय.
दुसरा असेल तर पाठवा.
सोबत पाच डॉलर."

व्हर्लिनने उभ्या उभ्या वाचलं.
मूळ सीडी गिऱ्हाइकाची मालमत्ता असते,
हे मला त्यानेच शिकवलेलं.
गाडीत काहीतरी राहिलंय म्हणाला,
आणि वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून
बाहेर बसून राहिला.

मी भाग दुसरा वरच्या खणात सरकवला,
खाली एकच कोरी.
चार मिनिटांनी टॉवरने
दहाही जिभा काढल्या,
नऊ रिकाम्या.
तपासणीचा दिवा हिरवा.
हिबाकने प्लास्टिक चढवलं
आणि गरम पाकीट
जरा जास्तच वेळ हातात धरलं.

नोंदवहीत प्रतींच्या रकान्यात एक लिहिलं.
कारणाचा रकाना तसाच आहे.
पाच डॉलर त्याच पाकिटात परत.

भाग तिसरा अजून रेकॉर्ड व्हायचाय,
कंपनी म्हणते, बहुतेक मार्चमध्ये.
मी दर सोमवारी फोन करते.
त्यांना वाटतं, आमचा धंदा मंदावलाय.