अर्धी गोळी

महबूल्यात चौथ्या मजल्यावर
सहा जणांच्या खोलीत
मी ब्लेडने गोळी कापतो.
अर्धी आता, अर्धी इशानंतर.
इशापर्यंत ती कधी टिकली नाही.

परांचीवरून पडलो तेव्हा
मणका तडकला होता, हे खरं.
इजिप्तचा डॉक्टर म्हणाला, दहा दिवस, फक्त दहा,
आणि पोट साफ होणार नाही, पाणी पीत जा.
पोटाचं त्याने बरोबर सांगितलं.
पाच दिवसांनी एकदा, तेही घाम फुटून.
जीभ कोरडी, नाकाचा शेंडा खाजतो,
जेवता जेवता मान पडते ताटावर.

उरलेलं मुनिराने सांगितलं, बाणकोटहून, फोनवर:
"आवाज किती मऊ झालाय तुमचा हल्ली.
आधी नुसते खेकसायचात."
तिला वाटलं, परमुलखात माणूस निवळला.
मी हो म्हटलं.

कंबर तर रमजानच्या आधीच बरी झाली.
मला ठाऊक आहे, कंबरेला ठाऊक आहे,
डॉक्टरपुढे मात्र आम्ही दोघं वाकून चालतो.

गेल्या आठवड्यात पट्टी संपली.
एका रात्रीत हाडांत मुंग्या,
जांभईवर जांभई, नाक गळतंय,
जूनच्या कुवेतात अंगावर दोन चादरी.
फोन वाजला. पोराच्या फीवरून
मी तिच्यावर असा ओरडलो
की खोलीतले पाचही उठून बसले.
पलीकडे गप्प. मग हळूच,
"बरं नाही का?"

आज पट्टी मिळाली. कुणाकडून, विचारू नका.
ब्लेड मधल्या रेघेवर टेकवलंय.
फोन उशाशी, उताणा.

तिला कुठला नवरा हवाय
हे मी अजून विचारलेलं नाही.