आरशाशिवाय

शुक्रवारचा बाजार उठला, चोरिसांची शेवटची माळ
खुंटीवरून उतरली, की मी पाटी उलटी करते.
दिवसा तिच्यावर माझं नाव: सुलक्षा केंकरे, दंतवैद्य, म्हापसा.
रात्री नुसता एक दात.

ते जिन्याने येतात. लिफ्टमध्ये आरसा आहे.

आरशाचं म्हणाल तर
तोंडात घालायचा तो छोटा, लांब दांड्याचा,
त्यांच्या जबड्यात नुसतं छत दाखवतो:
पंखा, पाल, ट्यूबलाइट. दात नाहीत.
म्हणून मी बोटाने बघायला शिकले.
अंगठ्यावर तीन व्रण आहेत.
तिन्ही वेळा त्यांनीच माफी मागितली,
एकाने तर फणस पाठवला.

‘व्हॅम्पायर’ म्हटलेलं त्यांना खपत नाही.
रबराचा वास येतो म्हणतात त्या शब्दाला.

खाजनातून येतात ते ओहोटीचे.
पायाला चिखल, केसांत तिसऱ्यांच्या शिंपा.
भरतीला उपास; मानशीची दारं उघडली की जेवण.
दात काट्यांसारखे, आरपार दिसणारे, डझनांनी,
एक पडला की दुसरा हजर.
माझी गरजच नाही त्यांना. गप्पांना येतात,
खेकडे टेबलावर ठेवून उकिडवे बसतात खुर्चीत.

दोना एस्पेरांसा मात्र फोन करून येतात.
लोटलीचं घर, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं,
उन्हाचं दूध करून आत घेणारी.
त्या घराण्याला दीडशे वर्षांत
कुणाच्या मानेपाशी वाकावं लागलेलं नाही.
चमच्याने पितात, गळ्याला रुमाल बांधून.
सुळे सोन्याचे, वडिलोपार्जित, एकच जोडी.
त्यावर भावाबहिणीत खटला चालू आहे:
उजवा यांच्याकडे, डावा लिस्बनला.

एक जण नीज पितो. रक्ताला शिवत नाही.
दात तपासले, पैसे दिले, ‘देव बरें करूं’ म्हणून गेला;
मी तीन रात्री टक्क जागी.

आणि मग खाणीकडचे.
सांग्याहून, रिवणाहून, शेवटच्या बसने.
माणसाचं रक्त त्यांच्या पूर्वजांना फार आधीच
पातळ लागायला लागलं होतं.
त्यांनी डोंगरालाच तोंड लावलं.
पिढ्यान्‌पिढ्या तांबडी माती खाऊन सुळे झिजले,
दाढा झाल्या पाट्यासारख्या सपाट.
ट्रक थांबले तशी जेवणंही थांबली.
आता सरकारी दवाखान्यात
गरोदर बायकांच्या रांगेत उभं राहून
लोहाच्या गोळ्या घेतात. कुणी काही विचारत नाही.

काल त्यांतली शेवंती आली. हाताशी सात वर्षांची देवकू.
‘हिचे घासून द्या. सपाट करा.
जूनपासून रात्रशाळेत बसायचीय, माणसांच्या पोरांत.’

मी बोट घातलं.
गार. अणकुचीदार. दोन्ही बाजूंना.
चार पिढ्यांनी मागे टाकलेलं
परत निघालेलं वर.
डोंगर संपला हे आपल्या कुणाच्याही आधी
या हिरड्यांना कळलेलं.

मशीन लावलं नाही.
म्हटलं, दुधाचे आहेत, आपोआप पडतील.
एक खरंच हलत होता. दोऱ्याने ओढला.
थेंबभर रक्त आलं ओठावर,
तिचं स्वतःचं,
आणि ते जिभेने टिपून पोर
एकदम गप्प झाली,
नवं काही शिकवल्यावर मुलं होतात तशी.
शेवंती खिडकीबाहेर बघत राहिली.

पडलेला दात उगवत्या उन्हात कौलांवर टाकायचा.
त्यांना कुठलं ऊन? पुडी माझ्याकडेच राहिली.

पहाटे पोदेराचा भोंगा वाजला. गच्चीवर गेले,
समोरच्या कौलांवर दात भिरकावला.
आम्ही उंदराचे दात मागायचो त्या वेळी.
तिच्यासाठी काय मागावं ते सुचेना,
हात तसाच वर राहिला उन्हात.

तेव्हा दिसला अंगठ्यावर
चौथा व्रण, ताजा.
मला कळलंही नव्हतं.
आणि देवकूने माफी
मागितली नव्हती.