अकरा यार्ड

आमची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची.
साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा.
एवढ्या हिशोबावर मी बारा वर्षं
भावाभावांचे बांध मोजले,
शिव्या ऐकल्या, चहा प्यायलो.

मग एका रविवारी देवळालीहून जीप आली.
मेजर सोमय्या उतरले, मागून भरडा शेठ,
कुत्रं, छत्री, थर्मास.
"आव्हाड, इथे मैदान आखायचंय."
मी विचारलं, "कुणाकुणात वाटायचंय?"
मेजर हसले. "कुणातच नाही."

मोजून कुणालाच द्यायची नाही अशी जमीन
मी तोवर पाहिली नव्हती.

पांडवलेण्यांकडे तोंड केलं की पुढे
नुसता मुरूम, तरवड, पायात शिरणारं कुसळ.
यार्ड म्हणजे काय ते भरडा शेठनी
नाकापासून बोटापर्यंत हात ताणून दाखवलं.
आमच्या साखळीत अकरा बसले.
पहिल्या खड्ड्यापर्यंत एकतीस साखळ्या;
कागदावर लिहिलं तीनशे एक्केचाळीस.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
एवढ्या लांबून लिंबाएवढा चेंडू
वाटीएवढ्या भोकात?
आणि ते भोकही तुम्हीच खणायचं?

हो. नऊ. पहारीने.
आत डालड्याचे डबे पुरले, बूड फोडून.
निशाणं अब्बास शिंप्याने शिवली
रजईच्या उरल्या अस्तराची,
आठ लाल,
नवव्याला कापड पुरेना म्हणून ते फुलाफुलांचं.
हिरवळ म्हणायचे, पण पाणी कुठलं?
दारणेची वाळू, त्यात वर्कशॉपचं जळकं ऑइल,
वरून ओढायला गोणपाट.
काळी हिरवळ. दुपारी तिला
ट्रकच्या पोटाखाली झोपल्यासारखा वास यायचा.

पाचव्याच्या वाटेत म्हसोबा निघाला.
शेंदूर जुना, लिंबू ताजं.
वकील टिळेकर म्हणाले, सरकवता येईल.
म्हाळू धनगर काहीच म्हणाला नाही,
त्याची मेंढरं तिथेच बसली.
मेजरांनी बॉनेटवर नकाशा पसरला,
चष्मा पुसला, परत पुसला,
मग म्हणाले, आव्हाड, साखळी डावीकडे घे.
वाकडं झालं पाचवं. सहा साखळ्या जास्तीच्या.
इंग्रजीत त्याला कुत्र्याचा पाय म्हणतात म्हणे.
पोरं म्हणायची म्हसोबाचं वळण.
ठराव झाला, टिळेकरांच्याच अक्षरात:
देवापाशी गेलेला चेंडू देवाचा; दंड नाही.

उद्घाटनाला चौदा सभासद, काठ्यांचे संच चार,
आणि बघायला पाथर्डीची अर्धी शाळा.
पहिला फटका मिस लोबोंचा,
कारण चिठ्ठी त्यांची निघाली.
दवाखान्याच्या मेट्रन त्या.
बूट काढून ठेवले, घड्याळ माझ्या हातात दिलं,
आणि इंजेक्शनआधी पाहतात तसं
चेंडूकडे पाहिलं.
गेला. कुठे, ते कुणाला दिसलं नाही,
टाळ्या मात्र झाल्या.

शोधायला मी आणि पोरं.
तरवडाच्या पलीकडे, उघड्या मुरमावर
अंडी चार. ठिपक्यांची, मातकट.
त्यांना टेकून पाचवा, पांढरा.
डोक्यावर टिटवी कोकलत फिरत होती.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
ओरडून सांगितलं,
"बाई, सापडला! पण उचलता येत नाही."

त्या दिवशी खेळ दुसऱ्या खड्ड्यापासून झाला.
पहिला महिनाभर बंद.
संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फक्की घेतली,
अंड्यांभोवती एक साखळी बाय एक साखळी आखली.
नीट, चारही कोन काटकोनात.
माझ्या हातची ती एकच वाटणी
जिच्यावर हरकत आली नाही.

साखळी पुढे सरकारने परत घेतली.
मी अजून मोजतो, नाकापासून बोटापर्यंत.
हात आखडलाय.
आता बारा भरतात.