सात खणांचा डबा

बुधवारीच बादल्या भरून ठेवल्या बाल्कनीत, उघड्या.
गुरुवारी पाणी बंद. शिवाय कॉर्पोरेशनच्या पाण्याचा
तो औषधी वास उडून जायला हवा.
फिरोज म्हणाला होता, तिसरा हिस्सा बदला, सगळं नको,
सगळंच नवं पाणी माशांना सोसत नाही.

नळी तोंडाने ओढताना
याही वेळी एक घोट गेलाच पोटात.
श्रीरंग म्हणाला, तुझ्या या अभिषेकात बस चुकेल.
बस उद्याची होती.

स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळला,
नळाखाली धरला तर त्यातले कामाचे जीव मरतात,
हे मी पन्नाशीत शिकले.
दिव्याला टायमर लावला, आठ ते चार.
बिबवेवाडीत वीज गेली
की तोही तेवढाच मागे पडणार. पडू दे.

मग खाणं.
बोथरावहिनींच्या हाती अख्खी डबी दिली
तर जीवदया म्हणून त्या मूठभर घालतील
आणि मासे मायेने मरतील.
त्यातून डबीवर कोळंबीचं चित्र.
पुड्याच बांधाव्यात म्हणून कागद शोधत होते
तर खणात हा हाती आला.

अप्पांचा डबा.
सोम, मंगळ, बुध… वर सूर्य, खाली चंद्र.
शुक्रवारच्या चंद्राखाली
अर्धी गोळी अजून.

डबा धुतला. उन्हात पालथा घातला.
नऊ वर्षं दर रविवारी रात्री भरायचे मी तो,
लाल, पांढरी, अर्धी,
बोटांना पाठ होतं, डोळे टीव्हीकडे असले तरी.
नऊ वर्षं लग्नं, बारशी आळीपाळीने केली,
एक जण घरी, एक जण पंक्तीत.
ही टाकीही त्यांच्यासाठीच आणलेली,
पलंगाच्या उजवीकडे, कारण मान डावीकडे वळेना.
काच चाटत फिरणाऱ्या त्या काळ्या माशाला
ते तलाठी म्हणायचे,
सगळ्या हद्दी मोजत हिंडतो म्हणून.
पलंग केव्हाच दिला कुणाला तरी.
टाकी अजून त्याच जागी, समोर नुसती भिंत.

चिमूट. चिमूट. चिमूट.
फक्त सूर्याचे खण भरले.
बुधवार रिकामा ठेवला आणि चिठ्ठीत लिहिलं, ‘उपास’.
वहिनींना ते न समजावता पटलं.
म्हणाल्या, घालेन मी डोळे मिटून,
चमचा तेवढा तुमच्या घरचा ठेवा.

श्रीरंगने तारकर्लीला फोन करून
सुरमई सांगून ठेवली होती.
मी टाकीकडे पाठ करून हो म्हणाले.

पहाटे पाच. खाली रिक्षा.
अंधारात फिल्टरची ती बारीक घरघर,
तलाठी काचेला तोंड लावून.
दार ओढताना सवयीने गेलं तोंडून,
आलेच हं.

श्रीरंगने कुलूप लावलं,
ओढून पाहिलं.
दोन पायऱ्या उतरला,
परत वर येऊन पुन्हा ओढून पाहिलं.