काचेच्या कापडाचं तोंड

वॉयमीर, आज तुझा पत्रा वितळवायला नेला.
भंगाराच्या यादीत नुसता क्रमांक होता, नाव नव्हतं.
मी फाटकापाशी उभी, पिशवीत अर्धा पाव आणि कांदे,
आणि मला चक्क हसू आलं.
रागावू नकोस. का ते सांगते.

प्लझेनच्या कारखान्यात तुझा विभाग वेल्डिंगचा, माझा राळेचा,
मधे एक भिंत आणि भिंतीत एक फुटकं तावदान.
तुझ्याकडे जुन्या बोबिना दुरुस्तीला यायच्या,
गोल खांद्यांच्या, जाडजूड,
लग्नघरात सगळ्यांना दटावत फिरणाऱ्या मावशीसारख्या.
तू म्हणायचास, इंजिन कसं,
ठोकलं की वाजलं पाहिजे.

माझ्याकडे काहीच वाजायचं नाही.
साचा, साच्यावर मेण,
मेणावर काचेचं कापड, कापडावर राळ,
मग दाबत दाबत एकेक बुडबुडा कडेला आणायचा,
रुसलेल्या पोराला अंगणात आणावं तसा.
काचेची कुसळं मनगटात शिरायची.
रात्री दिव्याखाली तू ती चिमट्याने काढायचास,
आणि कुरकुरायचास:
पंचवीस हजार व्होल्ट, आणि अंगावर हे बाहुलीचं कातडं!

पण तोंड बघ ना लामिनातकेचं.
कोपरा म्हणून नाही कुठे.
पुढची काच कपाळावरून थेट कानापर्यंत वळत गेलेली.
तुझ्या पत्र्याला इतकं वळायला सांगितलं असतं
तर त्याने आधी समिती नेमली असती.

एका तोंडाच्या तिसऱ्या थरात माझा केस अडकला.
लांब, तेव्हा काळा.
मुकादम लुदमिला म्हणाली, उपटून काढ.
मी वरून चौथा थर दिला.
नंतर कित्येक वर्षं ब्रनोच्या फलाटावर
गाडी आत येताना मी इंजिनाकडे बघायचे,
कुणी आपल्या पोराच्या शाळेकडे बघावं तशी.

मग समिती आलीच.
राळ महाग, वेळ फार, हात फार.
पुन्हा पत्रा.
सरळ कपाळ, सरळ गाल, कपाटाला खिडक्या पाडल्यासारखं.
लोकांनी नावही तेच ठेवलं: प्लेखाच, पत्र्यावाला.
आमचा विभाग बंद झाला,
मला भांडारात बसवलं, वॉशर मोजायला.

तू जिंकला होतास, आणि तू काहीच बोलला नाहीस.
जेवण झालं. तू खण उघडलास,
चिमटा काढलास,
माझं मनगट दिव्याखाली धरलंस.
कुसळ एकही नव्हतं.
तरी तू बराच वेळ शोधत राहिलास.

तर हसू याचं आलं:
तुझा पत्रा भट्टीत जाईल, उद्या त्याचा रूळ होईल,
परवा कुणाच्या सायकलची घंटा. वाजेलही.
माझं काही वितळत नाही. कुणी घेतही नाही.
रोकित्सानीच्या पलीकडे रादोवानच्या बागेत
एक कापून आणलेलं तोंड पडलंय,
आत फावडी, भोपळ्याचं बी, एक खुडूक कोंबडी,
आणि ती वळलेली काच, तडा नाही.
केस त्यातच आहे का, ठाऊक नाही.
विचारलं नाही. असेल, नसेल.

परवा येरोनीमने मला त्याचं नवं इंजिन दाखवलं.
तीन तऱ्हेची वीज पितं, सीमेवर थांबत नाही,
आत चाकाऐवजी पडदे,
बाहेर धारदार नाक, चाकूने सोललेल्या बटाट्यासारखं पैलूदार.
मला नाही आवडलं.
मी म्हटलं, हे नाक कशाचं रे?
तो म्हणाला, कसलंतरी प्लॅस्टिक असेल आजी, टोला बसला की बदलतात.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी बोटाच्या पेराने ठोकलं.

वॉयमीर, वाजलं नाही.

दुसऱ्यांदा ठोकणार, तेवढ्यात शिट्टी झाली,
आणि मी पिवळ्या रेषेच्या मागे सरले.